द्राक्षमळ्याचा मालक आणि गिरणीचा दरवाजा

ख्रिस्ती शिकवण आणि समाजवादी अर्थविचार यांचा परस्परसंबंध काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय मोठा आणि तो मांडणारा मनुष्य मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मराठी शाळेत मुलांना इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेला. तेव्हा धर्मशास्त्राचा वा अर्थशास्त्राचा अधिकार सांगण्याचा माझा मानस नाही. परंतु माझा जन्म करी रोडच्या एका चाळीत झाला, आणि हा प्रश्न मला प्रथम ग्रंथात न भेटता त्या चाळीच्या गॅलरीत भेटला. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

माझे वडील कापडगिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे काय, हे आता मुद्दाम सांगावे लागते. कायम कामगारांपैकी जो त्या दिवशी गैरहजर राहील, त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली. पाळीचा भोंगा होण्यापूर्वी दरवाजाशी हजर व्हावयाचे आणि आत किती माणसे कमी आहेत हे कळेपर्यंत वाट पाहावयाची. नाव निघाले तर त्या दिवसाचा रोज पदरात. न निघाले तर जेवणाचा डबा जसाच्या तसा घरी परत. तो परत आलेला डबा आम्ही मुले आनंदाने उघडीत असू. आई त्या वेळी काही बोलत नसे. त्याचा अर्थ आम्हांस पुष्कळ उशिरा कळला.

आमच्याच मजल्यावर अहमदनगरकडचे एक ख्रिस्ती गृहस्थ राहत असत. आम्ही त्यांना काका म्हणत असू. तेही गिरणीतच होते, पण कायम. एकदा वडिलांचा डबा लागोपाठ तीन दिवस परत आला. त्या रविवारी संध्याकाळी काकांनी गॅलरीत बसून त्यांना येशू ख्रिस्ताचा एक दृष्टान्त सांगितला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात तो आला आहे. एक मळेवाला पहाटे बाजारात गेला आणि दिवसाची मजुरी ठरवून त्याने काही मजूर आपल्या द्राक्षमळ्यात लावले. पुढे सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी तो पुन्हा पुन्हा गेला व आणखी मजूर लावीत राहिला. दिवस मावळावयास तासभर उरला असता त्याला काही माणसे रिकामीच उभी दिसली. रिकामे का, असे विचारता आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही, असे ते म्हणाले. त्यांनाही त्याने मळ्यात धाडले. संध्याकाळी मजुरी वाटताना त्याने शेवटी आलेल्यांपासून आरंभ केला आणि सर्वांना सारखाच, म्हणजे पुऱ्या दिवसाचा रोज दिला. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुरू लागले. तेव्हा, तुमच्याशी ठरले ते मी दिले, माझे धन मी माझ्या इच्छेप्रमाणे द्यावे यात तुमचे काय गेले, असे तो त्यांना म्हणाला.

वडिलांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. बाजारात उभी असलेली ती शेवटची माणसे कोण, हे त्यांना फोड करून सांगण्याची गरज नव्हती. ते एवढेच म्हणाले, "मळेवाला भला होता हे खरं. पण दुसऱ्या दिवशी त्याचं मन फिरलं तर?"

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते पुस्तकात नाही. माणसानं कसं असावं, एवढंच सांगितलं आहे."

श्रोतेहो, पुढे मी जो काही इतिहास वाचला, तो वडिलांचा हा प्रश्न मनात ठेवूनच वाचला. ख्रिस्ती धर्म आणि समाजवाद यांच्यामधील सारा वाद त्या दोन वाक्यांत सामावलेला आहे, असे माझे नम्र मत आहे.

ख्रिस्ती शिकवणीत अर्थव्यवहाराविषयी एकच सूर नाही. निदान तीन सूर स्पष्ट ऐकू येतात. पहिला वर सांगितलेल्या दृष्टान्ताचा. मजुराला किती द्यावयाचे याचा निकष त्याने किती तास काम केले हा नसून त्याच्या घरी चूल पेटावयास किती लागते हा आहे. विचार क्रांतिकारक खरा, पण त्याचा सारा भार मालकाच्या अंतःकरणावर टाकलेला आहे; मळा मालकाचाच राहतो. दुसरा सूर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील. येशूच्या मागे जेरुसलेममधील पहिल्या अनुयायांनी आपल्या जमिनी व घरे विकून आलेला पैसा एकत्र ठेवला आणि ज्याला जशी गरज तसे त्याला दिले, असे तेथे वर्णन आहे. येथे मळा एकाचा राहिलेला नाही. मात्र हे सर्व स्वेच्छेने होते. हनन्या नामक मनुष्याने काही पैसा लपविला तेव्हा पेत्राने त्याला दोष दिला तो खोटे बोलल्याचा. जमीन विकलीच पाहिजे अशी सक्ती तुझ्यावर नव्हती, हेही त्याला सांगितले.

तिसरा सूर त्याहून जुना, यहुदी लोकांच्या धर्मशास्त्रापासून चालत आलेला. सहा दिवस काम व सातव्या दिवशी विश्रांती, ही ती शब्बाथाची आज्ञा. ही विश्रांती एकट्या धन्यासाठी नाही. दास, दासी, बैल, गाढव, दारी आलेला परका या सर्वांना ती मिळाली पाहिजे. कारण तूही एके काळी मिसर देशात दास होतास, असे कारण अनुवाद या पुस्तकात दिले आहे. येथे धन्याच्या मनाची उदारता विचारातच घेतलेली नाही. त्याला वाटो वा न वाटो, दासाला सुटी मिळालीच पाहिजे. दया, सहभोग आणि नियम असे हे तीन सूर. आपल्या गिरणगावात त्यांपैकी कोणता किती टिकला, हे आता पाहू.

तत्पूर्वी युरोपकडे एक दृष्टिक्षेप टाकणे अवश्य आहे. १८४८ साली मार्क्स आणि एंगल्स यांचा कम्युनिस्ट जाहीरनामा प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये चार्टिस्ट कामगारांची चळवळ विझत असताना फ्रेडरिक मॉरिस, चार्ल्स किंग्जली व जॉन लडलो हे गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी आपणांस ख्रिस्ती समाजवादी म्हणवून घेतले. स्पर्धा हाच व्यापाराचा धर्म असे मानणे ख्रिस्ताच्या शिकवणीस सोडून आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी शिंपी वगैरे कारागिरांच्या सहकारी संस्था काढल्या. रोमच्या चर्चने हा मार्ग धरला नाही. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ रोजी काढलेल्या सुप्रसिद्ध पत्रकात खासगी मालमत्तेचा हक्क उचलून धरला व समाजवाद नाकारला. परंतु त्याच पत्रकात, मजूर कबूल झाला एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही, तीत त्याचा चरितार्थ चालला पाहिजे, असे बजाविले आणि कामगारांच्या संघटनेस मान्यता दिली. एवंच, दुखणे कोणते याविषयी ख्रिस्ती विचारवंत व समाजवादी यांचे फारसे दुमत नव्हते. उपाय कोणाच्या हाती असावा, येथे वाट फुटली. पहिले हृदयपरिवर्तनावर भिस्त ठेवीत, दुसरे मालकीच बदलू पाहत.

आता मुंबईस येऊ. कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी उभारली. दोन वर्षांनी ताडदेवला तिचे चाक फिरू लागले. पुढील तीस वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, परळ येथील वाड्या-बागांत चिमण्या उठल्या. काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. सणावारी सुटी मिळे, पण आठवड्याची म्हणून नेमाची सुटी नव्हती. राज्य ख्रिस्ती लोकांचे. रविवारी साहेब प्रार्थनेस जात, आणि त्याच रविवारी पुष्कळ गिरण्यांत मजुरांना यंत्रे पुसावयास बोलाविले जाई.

विलायतेत बालमजुरांचे कैवारी म्हणून नावाजलेले धर्मनिष्ठ लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी हिंदुस्थानातील गिरणी-मजुरांचा प्रश्न १८७५ साली उमरावांच्या सभेत काढला. येथे सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी सद्गृहस्थांनी कायद्यासाठी खटपट केली. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनीही कायद्याचा आग्रह धरला. त्यांच्या कळवळ्यात मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती मिसळलेली होती, हे उघड आहे. या सर्वांतून १८८१ चा कायदा निघाला. त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे तास नऊवर आणले. प्रौढ मजुरांना त्यात काहीच नव्हते.

ते मागण्यास पुढे झाले नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ साली ठाण्यास जन्मलेले हे गृहस्थ महात्मा जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. फुले पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. त्यांनी धर्मांतर केले नाही, पण १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'त येशूला बळीराजाच्या परंपरेत बसविले. दीनांचा कैवार घेणारा तो बळी, मग तो कोणत्याही देशातला असो, ही त्यांची दृष्टी. तो वारसा घेऊन लोखंडे गिरण्यांच्या दरवाजांशी आले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी मजुरांच्या सभा भरविल्या आणि ५,५०० मजुरांच्या सह्यांचा अर्ज कारखाना कमिशनकडे दिला. आठवड्यातून रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत, अपघात झाल्यास पोटापाण्याची सोय, अशा मागण्या त्यात होत्या. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजुरांची सभा भरली. तीत दोन मजूर स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुटी मान्य केली. पुढील साली, म्हणजे पोपच्या पत्रकाच्याच वर्षी, नव्या कारखाना कायद्यात ती सुटी नमूद झाली आणि स्त्रियांचे कामाचे तास अकरावर आले.

या घटनेचा विचार करताना मला नेहमी एक गोष्ट जाणवते. सातव्या दिवसाच्या विश्रांतीची आज्ञा यहुदी धर्मशास्त्रातून ख्रिस्ती लोकांत आली आणि त्यांच्याकडे रविवार झाली. त्यांच्या राज्याबरोबर ती मुंबईस आली, पण कचेरीच्या दारापर्यंत येऊन थांबली. गिरणीच्या दरवाजाच्या आत ती नेली एका सत्यशोधकाने, आणि तीही मजुरांच्या स्वतःच्या सह्यांनी. शिवाय रविवार हा आपल्या खंडोबाचा वार. घाटावरून आणि देशावरून आलेल्या मजुराला त्या दिवसाचे महत्त्व परक्या धर्माकडून शिकावे लागले नाही. एकाच वाराने जेजुरी, जेरुसलेम आणि चिंचपोकळी यांची गाठ घातली. ही गाठ सुटली नाही, कारण ती कायद्याच्या दोऱ्याने बांधली गेली.

द्राक्षमळ्याचा दृष्टान्त मात्र निराळ्या वाटेने मुंबईस आला. इंग्रज लेखक जॉन रस्किन यांनी १८६० साली अर्थशास्त्रावर चार निबंध लिहिले. त्यांच्या पुस्तकाचे नावच या दृष्टान्तातून घेतलेले आहे. शेवटी आलेल्यालाही तितकेच, असा त्याचा भाव. १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गांधीजींनी ते आगगाडीत एका बैठकीत वाचले आणि लागलीच फिनिक्स येथे श्रमाचे बिऱ्हाड थाटले. १९०८ मध्ये त्यांनी त्याचा सारांश गुजरातीत 'सर्वोदय' या नावाने काढला. आज आपण सहज उच्चारतो तो शब्द असा एका मजुरीच्या दृष्टान्तातून जन्मला. ६ एप्रिल १९१९ रोजी, रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाच्या दिवशी, सरकारने बंदी घातलेले हेच पुस्तक गांधीजी व सरोजिनी नायडू यांनी मुंबईच्या रस्त्यांवर विकले. किंमत चार आणे, पण क्वचितच कोणी चार आण्यांवर थांबले.

गांधीजींनी या विचाराला विश्वस्तवृत्तीचे रूप दिले. मालकाने आपणांस संपत्तीचा धनी न मानता विश्वस्त मानावे, ही कल्पना उदात्त आहे, आणि ती द्राक्षमळ्याच्या मालकाची थेट वंशज आहे. परंतु परळ-लालबागेत तिला तोच प्रश्न सामोरा आला जो माझ्या वडिलांनी विचारला. विश्वस्ताचे मन फिरले तर? १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप केला. त्या संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. तिचे पुढारी मालकाच्या हृदयाविषयी बोलत नसत. मळा कोणाचा, असा त्यांचा सवाल होता.

याच सुमारास करी रोडपासून दोन-तीन मैलांवर, नागपाड्यात, एक निराळा प्रयोग चालू झाला होता. अमेरिकन मराठी मिशन ही मुंबईस १८१३ साली आलेली जुनी संस्था. तिचे डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२७ साली नागपाडा नेबरहुड हाऊस स्थापन केले. लंडनमध्ये पाद्री बार्नेट यांनी १८८४ साली टॉयन्बी हॉल काढला होता आणि शिकागोत जेन ॲडम्स यांनी १८८९ साली हल हाऊस. त्याच पद्धतीचे हे घर. शिकल्या-सवरल्यांनी गरिबांच्या वस्तीतच राहावे, उपदेश करण्यापूर्वी शेजारी व्हावे, हा त्या पद्धतीचा पाया. नागपाड्यात हिंदू, मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती सर्व प्रकारची वस्ती. मॅन्शार्ट यांनी धर्मांतर हा आपल्या घराचा हेतू ठेवला नाही. वर्ग, दवाखाना, वाचनालय, मुलांना खेळावयास जागा अशी कामे तेथे चालत. नागपाड्याच्या मुलांनी पुढे बास्केटबॉलमध्ये नाव काढले, त्याचे मूळ या अंगणात आहे.

या घराची मर्यादा सांगणे सोपे आहे. त्याने मजुराचा एक पैसाही रोज वाढविला नाही. संपाच्या दिवसांत उपाशी माणसाला वाचनालय काय उपयोगाचे, असे कोणी म्हटले तर त्याला मी दोष देणार नाही. परंतु कथा तेथे संपत नाही. मॅन्शार्ट यांच्याच पुढाकाराने आणि टाटांच्या विश्वस्त निधीतून १९३६ साली नागपाड्यात समाजकार्य शिकविणारी शाळा निघाली. १९४४ साली ती टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाली व १९५४ साली देवनारला गेली. गिरण्या-कारखान्यांतील कामगार-कल्याणाच्या कामासाठी माणसे तेथे तयार होऊ लागली. आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे वा त्याहून अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. रविवारचे झाले तेच येथेही थोड्या प्रमाणात झाले. ज्या कामाला कोणाच्या तरी करुणेने आरंभ झाला, ते कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसले.

यावरून कोणी म्हणेल, तर मग करुणेची आवश्यकता काय, कायदाच पुरे. तसे मला वाटत नाही. कायदा आपल्या पायांनी चालत नाही. बदलीचा नियम सर्व कायदे होऊनही माझ्या वडिलांच्या आयुष्यातून गेला नाही; ते कायम झाले ते पुष्कळ वर्षांनी. १८ जानेवारी १९८२ च्या संपात त्यांची गिरणी जी थांबली, ती त्यांच्यापुरती पुन्हा चालू झालीच नाही. त्या दिवसांत आमच्या घरात जे धान्य आले, त्यातील पुष्कळसे त्या ख्रिस्ती काकांनी आणलेले होते. त्यांचाही पगार बंदच होता. गावाकडून आलेल्या बाजरीचे त्यांनी दोन वाटे केले, आणि दोन्ही सारखे केले. काकांनी त्या दिवशी दृष्टान्त सांगितला नाही, आणि वडिलांनीही प्रश्न विचारला नाही.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. समाजवादी म्हणतो की न्याय मालकाच्या मर्जीवर सोडू नये. आणि या बाबतीत गिरणगावचा इतिहास त्याच्या बाजूचा आहे. ख्रिस्ती शिकवण म्हणते की शेवटी उभा राहिलेला माणूस प्रथम दृष्टीस पडला पाहिजे. आणि तो ज्याच्या दृष्टीसच पडला नाही, त्याच्या हातून कायदाही होत नाही. शब्बाथाच्या आज्ञेत या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. तूही दास होतास ही आठवण तिच्यात आहे, आणि म्हणून दासाला सुटी मिळालीच पाहिजे हा नियमही आहे. आठवणीवाचून नियम कोरडा राहतो. नियमावाचून आठवण रविवारच्या प्रार्थनेपुरती उरते.

आज करी रोडच्या पुलावर उभे राहिले तर चिमण्यांच्या जागी उंच इमारती दिसतात. त्यांच्या दारावरील पहारेकऱ्याला मी मधून मधून विचारतो, सुटी कोणत्या वारी? पुष्कळदा तो हसतो आणि बारा तासांची पाळी सांगतो. सकाळी शहरातील कित्येक नाक्यांवर गवंडी, बिगारी, रंगारी अजूनही कामाची वाट पाहत उभे असतात. अकरा वाजता त्यांतील काही डबा घेऊन परत फिरतात. आपल्या घराची रंगसफेदी काढताना आपणही क्षणभर मळ्याचे मालक होतो. त्या वेळी सातव्या दिवसाची आणि शेवटी आलेल्या माणसाची आठवण आपणांस राहावी, एवढीच या म्हाताऱ्या मास्तराची विनंती आहे.